हिमाचा हिशेब आणि नदीची वाटणी

अमेरिकेच्या पश्चिम भागातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात २०२१ सालच्या हिवाळ्यात जो बर्फ साचला, तो दीर्घकालीन सरासरीहून थोडाच कमी होता. डोंगरावरील मापनकेंद्रांनी एप्रिलच्या आरंभी तसा निर्वाळाही दिला होता. हा बर्फ वितळून त्याचे पाणी एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत नदीला मिळावयाचे असते. त्या चार महिन्यांत पॉवेल जलाशयात प्रत्यक्षात जे पाणी आले, ते मात्र सरासरीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरले. पासबुकात ठेव दिसत होती आणि पैसे काढावयास गेल्यावर शिल्लक सापडली नाही, असाच हा प्रकार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या नदीच्या इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली. पुढील वर्षासाठी ॲरिझोना राज्याच्या वाट्यातून ५ लाख १२ हजार एकर-फूट, म्हणजे आपल्या परिचयाच्या मापात सुमारे २२ टीएमसी पाणी कापले गेले, आणि त्या कपातीचा पहिला घाव पिनाल परगण्यातील कालव्याच्या पाण्यावर पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांवर बसला.

पाणी गेले कोठे, हा प्रश्न जलशास्त्रज्ञांचा आहे. ते पाणी मुळात कोणत्या हिशेबाने वाटले होते, हा प्रश्न अर्थकारणाचा आणि राजकारणाचा आहे. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी हाती आले आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्याचे शंभर वर्षे टाळण्यात आले.

ज्यांचे पाण्याचे सारे गणित मृगाच्या पावसापासून सुरू होते, त्यांना या नदीचे स्वरूप थोडे समजावून घ्यावे लागेल. सह्याद्रीवर पडलेले पाणी त्याच आठवड्यात नदीला मिळते. ते उन्हाळ्यापर्यंत टिकवावयाचे तर धरण बांधावे लागते. रॉकी पर्वतात हे काम डोंगर स्वतःच करतो. हिवाळ्यात पडलेले हिम माथ्यावर साठून राहते आणि शेताला पाण्याची गरज लागते नेमक्या त्या सुमारास ते वितळू लागते. कोलोरॅडोचे सुमारे नव्वद टक्के पाणी या वरच्या खोऱ्यातून येते व त्यातील बहुतांश बर्फाचे असते. माणसाने बांधलेल्या कोणत्याही धरणापूर्वीचे हे धरण आहे. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, आणि त्याचा साठा मोजण्यासाठी काठाला पट्टीही लावता येत नाही.

ती पट्टी लावून दाखविली जेम्स चर्च या प्राध्यापकांनी. गंमत अशी की, चर्च हे नेवाडा विद्यापीठात ग्रीक-लॅटिन वाङ्मय शिकवीत. मौंट रोज या शिखरावर ते हिवाळ्यात चढत असत आणि बर्फाची नुसती उंची मोजण्यात अर्थ नाही हे त्यांच्या ध्यानात आले. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांत जेमतेम एक इंच पाणी असते, तर मुरून घट्ट झालेल्या तेवढ्याच बर्फात तीन-चार इंच. म्हणून त्यांनी एक पोकळ धातूची नळी तयार केली. ती बर्फात तळापर्यंत खुपसावयाची, आतल्या बर्फासह बाहेर काढावयाची आणि तोलावयाची. वजनावरून पाणी कळते. टाहो सरोवराची पातळी किती ठेवावी यावरून काठचे जमीनमालक आणि खालचे पाणी वापरणारे यांच्यात त्या काळी तंटा चालू होता. सरोवरात किती पाणी येणार हे चर्च यांनी वसंतातच सांगितल्यामुळे तो निवळण्यास मोठी मदत झाली. उतारवयात हिमालयातील हिममापनाच्या कामासाठी ते भारतातही येऊन गेले.

चर्च यांच्या नळीचे पुढे शास्त्र झाले. १ एप्रिल ही हिशेबाची तारीख ठरली, कारण साधारणतः त्या सुमारास साठा शिगेला पोचतो. नंतरच्या काळात द्रवाने भरलेल्या मोठ्या उशा डोंगरावर ठेवून त्यांच्यावरील बर्फाचा भार आपोआप नोंदविण्याची सोय झाली. त्या केंद्रांचे संदेश आरंभी उल्कांच्या जळत्या रेषांवरून परावर्तित होऊन खाली येत असत, ही एखाद्या कल्पित कथेत शोभावी अशी योजना अनेक वर्षे नेमाने चालली. या आकड्यांवरून शेतकरी पीक ठरवू लागले, वीजमंडळे जलविद्युतनिर्मितीचा अंदाज बांधू लागली आणि बँका कर्जे मंजूर करू लागल्या. एका निसर्गघटनेचे पतपत्रात रूपांतर झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे पतपत्र आता पूर्वीइतके विश्वासार्ह राहिलेले नाही, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाचे मुख्य निष्पन्न आहे. फिलिप मोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिमेकडील जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. दीर्घकाळ नोंदी असलेल्या ठिकाणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी वसंतातील हिमसंचय घटत चालल्याचे त्यांना आढळून आले. यात एक सूक्ष्म भेद आहे आणि मराठी वाचकाला तो चटकन कळण्याजोगा आहे. आपल्या भाषेत अवर्षण आणि दुष्काळ असे दोन शब्द आहेत. पाऊस न पडणे हे अवर्षण, आणि त्यातून उद्भवणारी दैन्यावस्था हा दुष्काळ. जलशास्त्रज्ञ ज्याला हिमदुष्काळ म्हणतात, तो अवर्षणावाचूनही येऊ शकतो. २०१५ साली वॉशिंग्टन राज्यात हिवाळ्यातील एकंदर वृष्टी जवळजवळ नेहमीइतकी झाली होती. पण हवा उबदार असल्यामुळे ती हिमाच्या रूपाने न पडता पावसाच्या रूपाने पडली, नद्यांतून वाहून गेली, आणि मे महिन्यात सबंध राज्यात दुष्काळ जाहीर करावा लागला. त्याच वर्षी शेजारच्या कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतावरील साठा १ एप्रिल रोजी सरासरीच्या अवघा पाच टक्के निघाला. राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी शहरांतील पाणीवापरात पंचवीस टक्के कपातीचा आदेश जाहीर केला तो जेथे एरवी कित्येक फूट बर्फ असावयाचा त्या मोजणीच्या जागेवर, सुक्या गवतात उभे राहून.

कोलोरॅडोत २०२१ साली घडले ते याहून निराळे आणि अधिक अस्वस्थ करणारे होते. तेथे बर्फ पडला होता, तो मोजलाही गेला होता. आधीच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत झाल्यामुळे वितळलेले पाणी प्रथम तिनेच पिऊन टाकले, हे एक कारण. दुसरे कारण अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील मिली आणि डन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते. पांढरे हिम सूर्याची उष्णता परतवून लावते. ते लवकर नाहीसे झाले की काळी जमीन ती उष्णता शोषून घेते आणि बाष्पीभवन वाढते. या नदीच्या बाबतीत तपमानातील एका सेल्सिअस अंशाच्या वाढीला प्रवाहात सुमारे नऊ टक्के घट पडते, असा त्यांचा हिशेब आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये आणखी एक दुवा पुढे आणला. २००० सालानंतर वसंतातील पाऊस घटला आहे, आकाश निरभ्र राहू लागले आहे आणि रानातील झाडेझुडपे आपली तहान वितळत्या बर्फावर भागवू लागली आहेत. अंदाज आणि प्रत्यक्ष प्रवाह यांतील तफावतीचा सुमारे सत्तर टक्के भाग या एका गोष्टीने उलगडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मापनाच्या पद्धतीत खोट नव्हती. बर्फाचे माप आणि नदीचा प्रवाह यांच्यातील जे नाते कायमचे म्हणून गृहीत धरले होते, तेच सुटत चालले आहे.

येथवर शास्त्राचा भाग झाला. आता वाटणीकडे वळावयास हवे.

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे कोलोरॅडो खोऱ्यातील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी एक करार केला. अध्यक्षस्थानी होते त्या वेळचे व्यापारमंत्री आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर. वरच्या चार राज्यांना ७५ लाख आणि खालच्या तीन राज्यांना ७५ लाख एकर-फूट, म्हणजे प्रत्येक गटाला वर्षाकाठी सुमारे ३२७ टीएमसी, अशी वाटणी ठरली. शिवाय खालच्या गटाला आणखी १० लाख एकर-फुटांपर्यंत वापर वाढविण्याची मुभा ठेवण्यात आली. १९४४ च्या तहान्वये मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट देण्याचे कबूल झाले. ही मुभा सोडून दिली तरी एकूण १६५ लाख एकर-फूट. एवढे वाटूनही पाणी उरणार, याची करारकर्त्यांना इतकी खात्री होती की, उरलेल्याची पुढील वाटणी १९६३ नंतर करावी, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली.

ही खात्री ज्या नोंदींवर आधारलेली होती त्या जेमतेम वीस-पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि ती वर्षे असाधारण ओली होती. लीज फेरी या नाक्यावरचे प्रवाहमापन केंद्र, जेथे दोन्ही खोऱ्यांचा हिशेब चुकता व्हावयाचा, ते सुरू झाले तेच १९२१ साली. ॲरिझोना विद्यापीठाच्या वृक्षवलय प्रयोगशाळेतील स्टॉकटन यांनी जॅकोबी यांच्यासह १९७६ मध्ये जुन्या झाडांच्या खोडांतील वलयांवरून या नदीचा सोळाव्या शतकापासूनचा प्रवाह काढला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी सुमारे १३५ लाख एकर-फूट निघाली. करार झाला त्या सुमाराची वर्षे त्या सबंध कालखंडातील अत्यंत सुकाळाची ठरली. नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा थोडा वर गेला आहे. परंतु २००० नंतरच्या दोन दशकांत प्रत्यक्ष नैसर्गिक प्रवाहाची सरासरी १२५ लाखांच्याच आसपास राहिली. कागदावर १६५ आणि नदीत १२५, असा हा व्यवहार आहे.

त्या वेळी शास्त्रच तेवढे प्रगत नव्हते, त्याला कोण काय करणार, असा बचाव नेहमी केला जातो. तो पूर्णपणे खरा मानता येत नाही. भूशास्त्रीय सर्वेक्षणातील जलशास्त्रज्ञ ई. सी. लारू यांनी १९१६ सालीच आपल्या अहवालात खोऱ्यातील सर्व सिंचनयोग्य जमिनीला पुरेल इतके पाणी या नदीत नाही, असे नमूद केले होते. १९२५ च्या दुसऱ्या अहवालात त्यांनी ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या पातळीच्या जुन्या नोंदी वापरून मागील दशकांतील प्रवाहाचा अदमास घेतला आणि नदीने याहून कोरडे दिवस पाहिले आहेत हे दाखविले. एरिक कून आणि जॉन फ्लेक यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दुर्लक्षित अहवालांचा मागोवा घेतला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, पुरावा उपलब्ध होता, पण तो गैरसोयीचा होता. धरणांसाठी वॉशिंग्टनहून पैसा हवा होता, त्यासाठी राज्यांचे एकमत हवे होते, आणि सर्वांना भरपूर मिळते असे दाखविल्याखेरीज एकमत होणे शक्य नव्हते. मोठा आकडा ही राजकीय गरज होती.

या संदर्भात आपल्याकडील एका उदाहरणाची आठवण होणे साहजिक आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७३ च्या निवाड्यात जे २०६० टीएमसी पाणी तीन राज्यांत वाटले, ते सरासरीचे नव्हते. ते पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे तरी मिळेलच अशा बेताचे होते. त्या निवाड्यावर टीका करण्यास जागा पुष्कळ आहे आणि ती गेली पन्नास वर्षे होतही आहे. परंतु सरासरी हे वाटण्याजोगे पाणी नव्हे, एवढे तरी तेथे मान्य झाले होते. कोलोरॅडो ही कृष्णेच्या मानाने लहान नदी. तिच्या आजच्या प्रवाहाचे सुमारे साडेपाचशे टीएमसी कृष्णेच्या त्या आकड्याच्या पाव हिश्शाला जेमतेम पोचतात. आणि तिच्यावर सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत.

आकडा चुकला तर तो दुरुस्त करावा, इतका हा प्रश्न सरळ असता तर तो केव्हाच सुटला असता. अडचण अशी की, निश्चित परिमाणाचा हक्क दिला की टंचाईचा सारा भार कोणा एकावर ढकलावा लागतो. तो कोणावर ढकलला गेला हे पाहण्यासारखे आहे. वरच्या राज्यांनी दर दहा वर्षांत ७५० लाख एकर-फुटांखाली प्रवाह घटू देता कामा नये, असे करारात आहे. म्हणजे खालच्यांना हमी आणि वरच्यांना उरलेसुरले. खालच्या गटात ‘जो आधी आला त्याचा हक्क आधी’ हे पश्चिमेकडील पाणीकायद्याचे सूत्र चालते. शिवाय १९६८ साली आपल्या कालव्यासाठी केंद्राची मंजुरी मिळविताना ॲरिझोनाने कॅलिफोर्नियाच्या मागे उभे राहण्याचे मान्य केले. म्हणून २०२२ ची कपात ॲरिझोनाला झाली आणि कॅलिफोर्नियाला झाली नाही. कॅलिफोर्नियाच्या एकट्या इम्पीरियल खोऱ्याचा हक्क ३१ लाख एकर-फुटांचा, सुमारे १३५ टीएमसीचा, म्हणजे काठोकाठ भरलेल्या कोयना धरणाहूनही मोठा आहे. तो सबंध ॲरिझोना राज्याच्या वाट्याहून अधिक भरतो. २०२४ मधील एका अभ्यासानुसार नदीच्या एकूण पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पाणी गुरांच्या वैरणीवर, मुख्यतः लसूणघासावर खर्च होते.

ज्यांच्याजवळ कागदच नव्हता, त्यांचे काय झाले? खोऱ्यात मूळ रहिवाशांच्या तीस जमाती आहेत. १९०८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यांचा पाण्यावरील हक्क तत्त्वतः मान्य झाला होता. १९२२ च्या करारात मात्र त्यांच्यासाठी एका वाक्याचे कलम घालून विषय संपविला गेला. वाटाघाटींच्या मेजावर त्यांचा प्रतिनिधी नव्हता. नवाहो लोकांच्या गरजेचे मोजमाप करून पाणी मिळवून देण्याचे कर्तव्य केंद्र सरकारवर नाही, असा निर्णय २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तिकडे मेक्सिकोत, समुद्राला मिळण्याआधीच नदी आटते. १९६० नंतर ती क्वचितच कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत पोचली आहे, आणि एके काळचा हिरवागार त्रिभुज प्रदेश बव्हंशी वाळवंट झाला आहे. मे २०२३ मध्ये खालच्या तीन राज्यांनी २०२६ अखेरपर्यंत ३० लाख एकर-फूट वापर कमी करण्याचे कबूल केले. त्यातील २३ लाखांसाठी हक्कदारांना केंद्राच्या तिजोरीतून सुमारे १२० कोटी डॉलर मिळावयाचे होते. नदीत नसलेले पाणी सरकारने विकत घेतले, असा याचा एक कठोर अर्थ होतो. तो सर्वस्वी न्याय्य नाही, कारण शेत पडीक टाकणाऱ्याचे नुकसान खरेच असते. तथापि भरपाई हक्काच्या कागदावर मिळते आणि झळ कागद नसलेल्यालाही लागते, हे विसरता येत नाही.

यातून मार्ग आहे काय? आश्चर्याची गोष्ट अशी की, तो याच खोऱ्यात १९४८ सालीच सापडला होता. वरच्या राज्यांनी आपसांत वाटणी करावयाचे ठरविले, तेव्हा १९३० नंतरच्या कोरड्या वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आपल्या हाती किती पाणी उरेल याचा भरवसा त्यांना राहिला नव्हता. म्हणून ॲरिझोनाच्या एका लहानशा तुकड्यासाठी ठरावीक पाणी बाजूला काढून बाकीची वाटणी त्यांनी टक्क्यांत केली. कोलोरॅडो राज्याला ५१.७५, यूटाला २३, वायोमिंगला १४ आणि न्यू मेक्सिकोला ११.२५ टक्के. नदीत असेल त्याचा हिस्सा, हे तत्त्व कोणत्याही जलशास्त्रज्ञाला मान्य व्हावे असे आहे. १ एप्रिलचे माप चुकले, जमीन कोरडी निघाली किंवा सरासरीच बदलली, तरी हिस्सा हिस्साच राहतो.

याविरुद्धचा आक्षेप वजनदार आहे. हिस्सा अनिश्चित असेल तर फळबाग कोण लावील, कर्ज कोण देईल आणि शहरे नव्या वस्तीला परवानगी कशाच्या बळावर देतील? परंतु १९२२ च्या आकड्याने जी निश्चितता दिली, ती नदीत कोठेही नव्हती. ती दुसऱ्या कोणाची तरी अनिश्चितता वाढवून निर्माण केलेली होती. जोखीम नाहीशी झाली नाही, तिचा मालक बदलला. हिस्सेवाटपात ती सर्वांच्या माथी थोडी थोडी येते, आणि काही वर्षांच्या प्रत्यक्ष प्रवाहाची सरासरी आधाराला घेतल्यास एखाद्या वाईट वर्षाचा धक्काही पुष्कळ सौम्य होतो. वीस वर्षांची फळबाग लावणाराला याहून अधिक हमी प्रामाणिकपणे देणे शक्य नाही.

जलाशयांतील पाणी कसे सोडावे याची २००७ साली ठरलेली नियमावली २०२६ अखेरपर्यंतच्याच मुदतीची होती. तिच्या जागी काय यावे याची बोलणी सुरू झाली, तेव्हा २०२५ च्या उन्हाळ्यात एक प्रस्ताव पुढे आला. मागील तीन वर्षांच्या नैसर्गिक प्रवाहाची सरासरी काढावी आणि लीज फेरीवरून खाली सोडावयाचे पाणी तिच्या ठरावीक टक्क्यांइतके असावे, असे त्याचे स्वरूप होते. तत्त्व म्हणून तो कोणी उघडपणे धुडकावला नाही. तो टक्का किती असावा, आणि कपातीत वरच्या राज्यांनीही वाटा उचलावयाचा की नाही, या मुद्द्यांवर सातही राज्ये अडून बसली. केंद्राने दिलेली नोव्हेंबर २०२५ ची मुदत त्यांचे एकमत न होताच उलटली.